घोरणं थांबतं तेव्हा

आज सकाळी सात वर्षांच्या लेकीचे वेडेवाकडे आलेले दात दाखवायला मालवणला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी आधी तिच्या झोपेबद्दल विचारलं.

"घोरते का?"

"आजोबांवर गेलीय," मी हसून म्हटलं.

"मध्येच घोरणं थांबतं?"

हो, थांबतं. ते थांबलं की सासूबाई हळूच म्हणतात, "चेडवाक आता गाढ झोप लागली गो." मग मी निवांत दिवा बंद करते.

डॉक्टर म्हणाले, "टाळू अरुंद आहे, खालचा जबडाही मागे राहिलाय. घोरणं थांबतं तेव्हा तिचा श्वास अडत असावा. झोपेची तपासणी करून घ्या."

आता दुपारी ती शेजारी झोपलीय. घोरतेय तोवर मला बरं वाटतंय.

तुमच्याकडे मूल घोरायचं थांबलं, की तुम्ही काय करता?