टोक नसलेलं अक्षर

"टोकाचं अक्षर टोचतं," असं म्हणत बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरून बोट फिरवायच्या, भाकरी भाजली का ते चाचपून बघतात तसं. मग गिऱ्हाइकाने काहीही मागितलेलं असो, त्या आपला तोच जाडजूड, गोल फाँट लावायच्या.

महाडच्या बाजारातून तुम्ही कधी गेला असाल तर ते अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे. शिरोरेषा दोन्हीकडे गोल, काना गुबगुबीत, आणि 'ळ' तर नुकताच जेवून उठल्यासारखा. चिकन सेंटर, दवाखाना, वाढदिवस, सगळीकडे तोच. आमच्या छपाईच्या दुकानात बाई मजकूर टाइप करायच्या आणि मी शेजारी झेरॉक्सवर बसायचो.

श्रद्धांजलीचा बॅनरही त्यांनी त्याच अक्षरात केला. लांबून आइस्क्रीमच्या दुकानाचं उद्घाटन वाटायचं. मी तसं म्हणालो, तर म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला आता काय टोचायचं रे?"

एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे साहेब 'धोका' लिहिलेले फलक परत घेऊन आले. "बाई, हे वाचून कुणी घाबरणार नाही."

"घाबरायचं कशाला, साहेब? वाचलं म्हणजे झालं. पार बिरवाडीहून दिसंल."

साहेबांनी फलक हातभर लांब धरून पाहिला आणि सगळे फलक घेऊन गेले.

मग कापडे गावातून एक लग्नपत्रिका छापायला आली. नवऱ्या मुलाच्या वडिलांना नाजूक, बारीक अक्षरच हवं होतं. बाईंनी नाइलाजाने केलं. खाली विनंती होती, 'कृपया आहेर आणू नये'. छापून गेलं, 'कृपया आहेर आणून ये'.

लग्नानंतर ते गृहस्थ दुकानात आले. "घरात पाय ठेवायला जागा नाय. पाच मिक्सर आलेत. वर सगळ्या पाव्हण्यांना अरेतुरे केलंत ते वेगळंच."

ते गेल्यावर दुकानाच्या शेठनी पत्रिका बाईंसमोर ठेवली. "वाचा."

बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि खाली ठेवली. "नाय दिसत, शेठ. दोन वर्षं झाली. जाडं असंल तेवढंच दिसतं."

इतक्या हळू आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेठ बराच वेळ पत्रिकेची घडी घालत बसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तोवर हा वाचून दाखवेल, तुम्ही टाइप करा."

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होऊन डोळ्यांची पट्टी सुटली, तेव्हा मी त्यांना मोटरसायकलवरून बाजारातून आणत होतो. त्यांनी मला थांबवलं. उतरून एकेक पाटी पाहिली.

"हे मी केलंय? अरे, सगळं महाड बहिरं असल्यासारखी ओरडलेय मी."

त्यानंतर त्यांना बारीक अक्षराचं वेडच लागलं. सगळ्या पाट्या सडपातळ झाल्या. आता गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, "बाई, ते आपलं गोल कुठं गेलं?" तेव्हा त्या निमूट जुना फाँट लावून द्यायच्या. "मला नाय आवडत. पण तुमाला दिसू दे."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला पनवेलला नोकरी लागली आणि बाई तिच्याकडे राहायला गेल्या. मी स्टँडवर पोहोचवायला गेलो होतो. एसटी हलली तसा मी हात वर केला. बाईंचं लक्षच नव्हतं. शेजारच्या बाईला त्या तिकिटाच्या पाठीमागची बारीक छपाई वाचून दाखवत होत्या, एकही शब्द न गाळता.