धवला संपायच्या आधी ड्रम वाजला

नवरा खाडीवर गेला तो परत आला नाय. मी डोकीवर टोपली घेतली, डोंबिवलीत दारोदार मासळी विकली नि पोऱ्याला वाढवला. ऐंशी सालानंतर तो कंपनीत लागला नि पयल्या पगारात गिटार घेऊन आला. म्हटलं, "यावर भात शिजतो का रे?" तो तारा जुळवत बसला.

चौघांचा बॅण्ड. प्रॅक्टिस आमच्या ओटीवर. कोळीगीत वाजवायचे, कव्वाली, भजन, मधीच इंग्रजी बोंबाबोंब. शेजारीण विचारायची, "काय गो, आज कुणाला मारतात?" पण कोपरपासून आंबिवलीपर्यंत हळदीची सुपारी त्यांनाच.

मी धवलारीण. आमच्यात हळद लागते ती बाईच्या गाण्यानं, त्याला धवला म्हणतात. देवांना नि घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवायचं. ते होईपर्यंत दुसरं काय वाजत नाय.

एकदा खाडीकडच्या गावात मी गात होते, बाजूला आमचा बॅण्ड. ड्रमवाला घाटावरचा, नवीन. मी श्वास घ्यायला थांबले, त्याला वाटलं संपलं. धाडकन सुरू झाला.

नवरदेवाच्या आजीनं हळदीच्या ताटावर पदर टाकला. "उठवा यांना. आमची माणसं दारातून मागं गेली."

पोऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी सांभाळून घेईन म्हणून. आमची गावं सगळी नात्यातली. एकानं हाकललं की बॅण्डला कोण दारात उभं करणार नाय.

मी त्याची बाजू घेतली नाय. म्हटलं, "आजी, परत बोलावते. पयल्यापासून." पोरांना सांगितलं, "वायरी काढा, खाली बसा."

सगळा धवला परत गायले. घसा सुकला, पण एक नाव सोडलं नाय. आजीनं पदर काढला, नातवाला हळद लावली. मग ड्रमवाल्याला म्हणाली, "ये रे धाडधाडवाल्या," नि त्याच्या गालाला पण फासली. "आता ते इंग्रजी वाजवा. बघू कशाची एवढी घाई होती."

त्याच मांडवात तिच्या नातीच्या हळदीची सुपारी मिळाली. पुढं किती ऑर्केस्ट्रा आले, बंद पडले. आमच्या पोरांचा बॅण्ड नव्वदची सालं सरेपर्यंत वाजत होता.

मधी ड्रमवाल्याचं लग्न ठरलं. त्यांच्यात धवला नसतो. तरी मला न्यायला आला, "आये, तुमीच गायचं." मी गेले. त्याच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तेवढी आधी विचारून घेतली.