नऊ नंबर, चौदा नंबर आणि काशिनाथभाऊ

काशिनाथभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. फोन ठेवला आणि खरं सांगते, रडू आलं नाही. हायसं वाटलं... असं म्हणणं वाईट दिसतं, पण वाटलं. या माणसाने मला केवढ्या खड्ड्यातून वर काढलं होतं, ते त्यांच्या तोंडावर कबूल करून झालं होतं. तेवढं राहिलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

भाऊ आमच्या नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. गाव पेठकडचं. नव्वदीच्या अखेरीस मी तिथे पीएच.डी. करत होते. पांढऱ्या उंदरांना लाकडी चक्रव्यूहात सोडायचं आणि ते वाट कशी शिकतात ते बघायचं, असा विषय. वर कॅमेरा, बाजूला कंप्युटर. आधी उंदराचा नंबर टाकायचा, मग उंदीर सोडायचा. वेळ, वळणं, चुका सगळं प्रोग्राम टिपून घ्यायचा. उंदरांना खाऊपिऊ घालणं, पिंजरे धुणं हे काम भाऊंचं. मी त्यांच्याशी फार गोडीने बोलायचे अशातला भाग नाही. माझं डोकं तेव्हाही असंच, पटकन तापणारं.

दर पावसाळ्यात भाऊ आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गावी जात. त्या वर्षी ते गेले आणि पिंजरे धुवायची पाळी माझ्यावर आली. धुतले, पुसले, नंबरांची कार्डं परत अडकवली. शेपटीवर मार्करने लिहिलेले नंबर पुसट झाले होते, ते कार्डं बघून पुन्हा गिरवले. मग दोन आठवडे रोज चाचण्या घेतल्या आणि काय सांगू, मठ्ठ म्हणून जिची आशा सोडली होती ती नऊ नंबरची उंदरीण एकदम हुशार झाली! गाइड सरांना पेढे द्यायचे तेवढे बाकी होते. तिकडे हुशार चौदा नंबर रोज भिंतींवर आपटत होती, त्याकडे मी बघितलंही नाही.

भाऊ परत आले, त्यांनी ती उंदरीण हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, ही नऊ नाय. चौदा हाय."

"कार्डावर नऊ, शेपटीवर नऊ, कंप्युटरवर नऊ! आणि तुम्ही मला शिकवताय?"

"आसंल तिथं नऊ. पन ही पळायच्या आधी तोंड धुती. नऊ कधी धुती का?"

मी तणतणतच कॅमेऱ्याच्या जुन्या टेप लावल्या... आणि गार पडले. पिंजरे धुण्याआधी तोंड धुणारी होती चौदा, नंतर तोंड धुणारी नऊ. माझा सगळा शोध म्हणजे दोन कार्डांची अदलाबदल होती! आणि प्रबंध द्यायला जेमतेम चार महिने.

"सगळ्या चाचण्या उडवते आणि पुन्हा घेते," मी म्हटलं.

"कंप्युटर विसरंल, ताई. ती नाय विसरायची. वाट बघितली ना तिनं."

खरंच की! दोघी त्या वाटेने चौदा दिवस फिरल्या होत्या. आता पुन्हा घेतलेल्या चाचणीला काय अर्थ? मार्ग एकच होता, चाचण्या तशाच ठेवून नंबर दुरुस्त करणं. प्रत्येक दुरुस्तीला प्रोग्राम कारण विचारायचा. मी टाइप केलं, 'तांत्रिक अडचण'. भाऊ मागून वाचत होते. "तांत्रिक म्हंजी, कंप्युटर बिघडला व्हता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोडलं आणि लिहिलं, 'पिंजरे धुताना मी कार्डं चुकीची लावली. काशिनाथ यांनी ओळखलं.' दोन उंदरिणी, चौदा दिवस... अठ्ठावीस वेळा लिहिलं. मग भाऊंची माफी मागितली. सरांना सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंधात या दुरुस्त्या छापल्या होत्या नेमक्या त्याच पानावर बोट ठेवलं. "परिचराच्या सांगण्यावरून निकाल बदललात?" टेपचा पुरावा होता, तेवढाच सांगून सुटता आलं असतं. पण मी म्हणाले, "हो सर. टेप मी नंतर बघितल्या. आधी त्यांनी ओळखलं आणि मी त्यांच्यावर खेकसले." "बोलवा त्यांना." भाऊ हात पुसत आत आले. कसं ओळखलंत, असं विचारल्यावर म्हणाले, "सर, घरात जुळ्या पोरी आसत्या, तर कार्ड बघून हाक मारली आसती का?" परीक्षक खो खो हसले आणि पुढची वीस मिनिटं माझ्याऐवजी भाऊंनाच प्रश्न विचारत बसले. मला पदवी मिळाली. सुटले एकदाची!

गेल्या दिवाळीनंतर भाऊ आजारी असल्याचं कळलं, म्हणून प्रबंध घेऊन त्यांच्या गावी गेले. प्रबंध इंग्रजीतला, त्यांच्या मुलीने ते पान मराठी करून मोठ्याने वाचलं. खाटेवर पडल्या पडल्या भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, स्वतःचं नाव ऐकून खूश होतील. ते म्हणाले, "आन चूक कोनाची, ते?"

"माझी, भाऊ. तेही छापलंय."

"मंग बरं," ते म्हणाले. "चौदा नंबरवरचा आळ गेला."