तिसरं नाही

यशवंतकाकांच्या घरी जेवायला जायचं म्हणजे दोनदा नाही म्हणायची तयारी ठेवून जायचं, हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात सगळ्यांना पाठ होतं. बासुंदीचं पातेलं घेऊन काका स्वतः टेबलाभोवती फिरायचे. तुम्ही वाटीवर हात धरलात की हसून, हात बाजूला सारून वाढायचे. दुसऱ्यांदा धरलात की अजून थोडी वाढायचे. तिसऱ्यांदा "नको" म्हटलंत की मात्र डाव हवेत थांबायचा आणि थेंबही खाली पडायचा नाही. "पहिलं नाही लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं मनातलं," ते म्हणायचे. "तिसऱ्यावर जो वाढतो तो यजमान नव्हे बाप्पा, वैरी." आम्ही हसायचो आणि वाटी पुढे करायचो.

त्यांची मुलगी केतकी अगदी उलट. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. तिच्या घरी गेलं की ती एकदाच विचारायची, "चहा?" तुम्ही सवयीनं "कशाला उगाच" म्हणालात की ती "ओके" म्हणून बसायची, आणि मग तुम्ही चहावाचून घरी यायचात. पुण्याहून नवीन आलेली कितीतरी मुलं तिच्याकडून अशी कोरडी परत गेली आहेत. काकांना याची फार गंमत वाटायची. "पहिल्यालाच ताट उचलते पोरगी," ते म्हणायचे. "पण खोटं नाही बोलत."

काका मूळचे नागपूरचे. शिकागोत इंजिनिअर म्हणून उभी हयात काढली, तरी तोंडातला "बाप्पा" गेला नाही. त्यांची आणखी एक तऱ्हा होती. गाडीत दुसरा कुणी असला की ते स्टिअरिंगला हात लावत नसत. किराणा आणायला एकटे खुशाल जायचे, पण कुठे चौघांनी मिळून जायचं ठरलं की हे आपले शेजारच्या सीटवर. सुलभाकाकू होत्या तोवर गाडी काकूच चालवायच्या. कुणी टोकलं तर म्हणायचे, "दुसऱ्याचा जीव आपल्या हातात नको बाप्पा." आम्हाला वाटायचं, म्हातारा भित्रा आहे.

काकू गेल्या त्याच हिवाळ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवायला मनाई केली. दर गुरुवारी संध्याकाळी ते एका चर्चमध्ये बुद्धिबळ शिकवायला जात, असं सगळा गाव समजत होता. मी शेजारी राहतो, म्हणून सोडायला गेलो. चर्चच्या तळघराच्या दाराशी गाडी थांबवली तरी ते उतरेनात. समोर काचेवर बर्फ साठत होतं, वायपर फिरत होते.

"मंदार," ते म्हणाले, "इथे बुद्धिबळ नाही. दारू सोडलेल्यांची बैठक आहे. मी त्यातला आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या परक्या माणसाबद्दल सांगावं तसं. एकदा दोन वर्षं सोडली होती. मग नागपूरला एका लग्नात मेव्हण्यानं पेला पुढे केला. हे तीनदा नाही म्हणाले. "चौथ्यांदा म्हणायला तोंडच नव्हतं माझ्याकडे. तीनच नकार आणले होते घरून." परत आल्यावर घरात पुन्हा बाटल्या आल्या. केतकी नऊ वर्षांची असताना तिला पोहण्याच्या क्लासहून आणताना गाडी एका मेलबॉक्सवर घातली. तिला खरचटलंसुद्धा नाही. "पण तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसली नाही. सोडून वीसेक वर्षं होऊन गेली, पण नाहीच. आणि बरोबरच आहे तिचं. त्या दिवसांत ती विचारायची, बाबा प्यायलास? मी म्हणायचो, नाही. दारुड्याच्या नाहीला काय किंमत!" कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून वचन घेऊन ते उतरले. पायऱ्या जपून उतरताना त्यांची पाठ पाहिली आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

पुढे डोळे बरे झाले, तरी गुरुवारी मीच त्यांना सोडत राहिलो. दोन वर्षांनी केतकीला मुलगी झाली, मीरा. मीरा डेकेअरला जायला लागली तेव्हा काकांनी धीर करून विचारलं, की संध्याकाळी तिला मी आणत जाऊ का? केतकीचं घर त्यांच्यापासून दहा मिनिटांवर. ती चटकन नाही म्हणाली नाही, हेच खूप होतं. "स्पेनहून ये, मग वी विल टॉक," एवढंच म्हणाली. हे मला सांगताना काकांचा आवाज इतका हळू झाला होता, की मोठ्यानं बोललं तर ते मोडेल की काय असं वाटावं.

स्पेनचं निमित्त असं, की सुलभाकाकूंना तिथलं सेव्हिया शहर बघायचं होतं आणि ते राहून गेलं. मी, माझी बायको अश्विनी, आमचा मित्र नितीन आणि त्याची बायको असे चौघं निघालो होतो. काकांनाही चला म्हटलं. तिथे संध्याकाळच्या तापास टूरचं बुकिंग नितीननं केलं होतं. गाइडबरोबर पायी फिरायचं, चार-पाच जुन्या बारमध्ये उभ्याउभ्या थोडं थोडं खायचं, आणि प्रत्येक ठिकाणी एक पेला. हे कळल्यावर मी काकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, तुम्ही हॉटेलवर थांबा, मीही थांबतो.

"खोलीत छोटा फ्रिज आहे," काका म्हणाले. "त्यात काय आहे ते मी पाहिलंय. आज सुलभाची फार आठवण येते आहे. भिंतींपेक्षा माणसांत बरा मी. आणि तू थांबलास तर सगळे विचारतील का थांबला."

गाइड इनेस नावाची हसरी मुलगी होती. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागे. नेपरव्हिलला अजून बर्फ होतं आणि इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं लगडलेली. ही कडू असतात, खाऊ नका, असं इनेस सांगत असतानाच काकांनी खाली पडलेलं एक उचलून सोललं आणि फोड तोंडात टाकली. "दिसायला नागपूर, खायला कारलं," ते म्हणाले. सगळे हसले. पहिल्या बारमध्ये पालक घातलेले छोले आले, दुसऱ्यात बटाट्याचं जाड ऑम्लेट. दोन्हीकडे काकांनी लिंबाचा सोडा घेतला. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि ते मी पाहतोय हे पाहत होते.

तिसऱ्या बारमध्ये इनेसनं छोटे पेले मागवले. संत्र्याची वाइन, इथली खास. काउंटरवर पेले ठेवताच सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास पसरला, आणि नितीनच्या लक्षात आलं की काकांचा हात पुढे आलेला नाही.

"काका, अहो संत्र्याची आहे! तुमच्या नागपूरची!"

"नको रे."

"घ्या हो. काहीतरीच यार काका, सोडा काय पिताय."

"नितीन, नको."

"हे दुसरं. दुसरं रीतीचं," नितीन हसत म्हणाला. त्याच्या बायकोनं टाळी वाजवली. नितीन दुष्ट नाही. काकांच्याच टेबलावर आग्रह शिकलेला तो माणूस, गुरूचा खेळ गुरूवर खेळत होता. माझं डोकं मात्र तडकलं होतं. "नितीन, सोड ना," मी म्हटलं. "तू गप रे," तो म्हणाला.

"नको," काका म्हणाले. तिसरं.

नितीन थांबला नाही. त्यानं पेला उचलून काकांच्या हातात दिला आणि वर त्यांची बोटं मिटवली. "काकूंच्या नावानं, काका. एक घोट. त्यांनाच यायचं होतं ना इथे?" आणि दुसऱ्या हातानं त्यानं फोटो काढला.

काकूंच्या नावाला नाही कसं म्हणायचं? काका पेल्याकडे बघत राहिले. त्यांचा अंगठा कडेवरून सावकाश फिरत होता. मी पेला घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. इनेसला भाषा कळत नव्हती, पण तिचंही हसू गेलं. नितीन फोनवर काहीतरी टाइप करत होता. "टाकला मराठी मंडळाच्या ग्रुपवर," तो म्हणाला. "सगळे वेडे होतील."

त्या ग्रुपवर केतकीही होती. काकूंनीच तिला घेतलं होतं, गणपतीचे निरोप मिळावेत म्हणून. हे मला आणि काकांना एकाच क्षणी आठवलं असावं. शिकागोला तेव्हा भर दुपार होती. दोन मिनिटांत काकांच्या खिशात फोन वाजला.

कमी ऐकू येतं म्हणून काकांचा फोन कायम स्पीकरवर. एका हातात पेला, दुसऱ्यात फोन.

"बाबा, व्हॉट्स इन द ग्लास?"

"वाइन," काका म्हणाले.

मग पलीकडून अगदी लहान आवाजात, "प्यायलास?"

"नाही."

"बाबा."

"नाही, केतकी."

"प्लीज डोन्ट लाय टू मी. प्यायलास?"

"नाही." तिसरंही झालं.

"मंदारदादाला फोन दे."

मी हात पुढे केला. काकांनी फोन छातीशी धरला. "मंदार माझ्या वतीनं नाही बोलणार, बेटा. माझ्या नाहीला मला साक्षीदार नको. तुला माझं पटलं तर पटलं." एवढं ऐकून तिनं फोन ठेवला. ओके म्हणाली नाही, बाय म्हणाली नाही.

काकांनी पेला काउंटरवर ठेवला. भरलेला होता तसाच. इनेसकडून त्यांनी पाणी मागून घेतलं. "सुलभाच्या नावानं मी हे पितो," ते म्हणाले. "ती या दुसऱ्या पेल्यापायी फार रडली आहे." मग नितीनकडे वळून त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं, इतकी वर्षं झाकलेलं. नितीनचा चेहरा पाहवत नव्हता.

"काका, मला माहीत नव्हतं हो. शपथ."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच नव्हतं. पण नितीन, तिसऱ्यांदा नको म्हणून झालं होतं रे."

नितीननं ग्रुपवरून फोटो काढून टाकला, पण जिनं पाहायचा तिनं पाहिला होता. आम्ही परत फिरू या म्हणालो, तर काका ऐकेनात. "अजून एक ठिकाण राहिलंय," म्हणाले. तिथे मध घातलेली वांग्याची भजी आली. काकांनी सगळ्यांना आग्रहानं वाढली आणि स्वतः एकही खाल्लं नाही. उरलेले दोन दिवस केतकीचा फोन आला नाही. काकांनीही केला नाही. दर वेळी कुठे फोन वाजला की आम्ही पाचही जण खिशाकडे बघायचो.

परतीच्या विमानात काका डाराडूर झोपले. मी टक्क जागा. केतकीनं न्यायला यायचं आधीपासून ठरलेलं होतं, पण आता येईल का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. शिकागोला बाहेर आलो तर ती उभी होती, बाबागाडीत मीरा. तिनं काकांना मिठी मारली. ती मिठी जरा जास्तच लांबली. तिनं त्यांच्या गालाशी नाक नेलं, ते मायेनं की वास घ्यायला, हे मला अजून कळलेलं नाही.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या शोकसभेत नितीन बासुंदीबद्दल बोलायला उठला आणि तिसऱ्या वाक्याला खाली बसला. मला मात्र काका म्हटलं की विमानतळाचं ते पार्किंग आठवतं. केतकीनं मीराला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा ओढून पाहिला आणि काकांसमोर किल्ल्या धरल्या.

"बाबा, तू चालव."

"नको गं. दमलोय."

मला वाटलं, संपलं. ही पोरगी पहिल्यालाच ताट उचलते. पण तिचा हात खाली आला नाही.

"तू चालव, बाबा."

"नको, केतकी." काकांचे डोळे भरून आले होते.

तिनं किल्ल्या अजून थोड्या पुढे केल्या. तिसऱ्यांदा काका नाही म्हणाले नाहीत.