कॅप्टनचं मत आणि माझा शिक्का

कुवेतमध्ये अर्दियाच्या गोदामात आमचं ऑफिस होतं, तिथे टपाल आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. इकामे म्हणजे तिथे राहायचे परवाने, लायसन्स, कस्टमचे कागद, कुणाच्या गावाहून आलेलं पत्र, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. एकदा कागद गहाळ झाल्यावर मालकानं नियम केला होता: कुठलंही पाकीट उघडलं की पुन्हा चिकटवायचं, जोडावर अर्धा झाकणावर अर्धा खाली असा कंपनीचा शिक्का मारायचा, बाजूला सही. तीस वर्षं मी हेच केलं. त्या शिक्क्याबद्दल मला लिहायचं आहे.

आमच्याकडे सेफ्टीचं काम बघायला एक माणूस होता. तरुणपणी बोटीवर होता म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. तो एका लहान बेटाचा. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण तो म्हणायचा की तिथे कुणी शिंकलं तरी नाव घेऊन सांगतात. हे बेट दुसऱ्या, खूप लांबच्या देशाच्या ताब्यात आहे. तिकडून गव्हर्नर येतो, पण विधानसभा बेटाची. तीन वर्षांपूर्वी तिची निवडणूक लागली आणि वाद एकच होता: आपला कारभार आपण हातात घ्यायचा, की आहे ते बरं आहे.

मला हे ऐकून नवल वाटलं. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, स्वातंत्र्यानंतर जन्मलेला. स्वतःचं राज्य घ्यावं की नाही यावर माणसं मत देतात, आणि काहींना ते नकोही असतं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

"नको म्हणणारे घाबरट आहेत का?" मी विचारलं.

"भाई, आमच्याकडे हॉस्पिटल एक आहे," कॅप्टन म्हणाला. "मोठं ऑपरेशन असलं की विमान तिकडून येतं. उद्या आम्ही म्हटलं की तुमचं राज्य नको, तर विमान येईल का?"

"म्हणजे तू नको म्हणणाऱ्यांतला."

"असं कुठे म्हटलं? माझ्या बापाच्या जमिनीचा कागद तिकडच्या साहेबानं नाकारला. त्यानं आमचं बेट नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं."

रोज असंच. सकाळी तो स्वराज्यवाला वाटायचा, चहानंतर उलट. गोदामातला फोरमन त्याला चिडवायचा, "कॅप्टन, तुझी बोट दोन्ही बंदरांना लागते." तो हसायचा. मी मात्र विचार करत बसायचो. खरा कुठला?

यात माझंही काहीतरी होतं. मी आयुष्यात एकदाच मत दिलं, कुवेतला येण्याआधी. पुढे सुट्टी गणपतीला मिळायची, निवडणुका दुसऱ्याच वेळी. एकदा गावी गेलो तर यादीतून नाव गेलेलं. कुवेतच्या निवडणुकांचे फलक रस्त्यानं जाताना पाहिले, पण त्यांच्याशी आमचा काय संबंध? कॅप्टनला मात्र बेटावरून टपालानं मतपत्रिका आली. त्यानं ती माझ्यासमोर, हातानं आडोसा करून भरली, पाकिटात घातली आणि म्हणाला, "भाई, हे आजच कुरियरनं घाल. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही."

तो गुरुवार होता. ऑफिस लवकर रिकामं झालं.

पाकीट नीट चिकटलं नव्हतं, मी फक्त कोपरा दाबायला गेलो आणि ते उघडलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पाकीट चांगलं चिकटलेलं होतं. मी पोलादी पट्टी झाकणाखाली सरकवली. मला बघायचं होतं, एवढंच. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं होती, आणि कोण कुठल्या बाजूचा हे कॅप्टनच्या गप्पांतून मला पाठ झालं होतं. खूण कुठे आहे ते मी पाहिलं.

मग पाकीट पुन्हा चिकटवलं, आणि हात सवयीनं शिक्क्याकडे गेला. जोडावर शिक्का, बाजूला सही. पाकीट कुरियरला दिल्यावर मला बरंही वाटलं, काम व्यवस्थित झालं म्हणून.

दीड महिन्यानं कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये कॅप्टनच्या नावानं बेटाच्या निवडणूक कचेरीचं पत्र आलं. आमच्या ऑफिसला आलेलं टपाल उघडून लावणं माझंच काम, म्हणून उघडलं. लिहिलं होतं, पाकीट वाटेत उघडलेलं होतं, त्यावर परका शिक्का होता, म्हणून मत बाद. मी पत्र खणात टाकलं.

"माझं काही टपाल?" त्यानं त्या दिवशीही विचारलं.

"नाही."

त्यानंतर दोन वर्षं तो टीव्हीवर बेटाची बातमी दिसली की म्हणायचा, "ही असेंब्ली माझीसुद्धा आहे हं." आणि मी चहाकडे बघायचो. मग तो नोकरी सोडून घरी गेला. मीही आता मुलाच्या घरी राहतो. ते पत्र कपाटात आहे.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. बेटावर पुन्हा निवडणूक आहे.

"यावेळी स्वतः जाऊन टाकणार, भाई. मागच्या वेळी तुझ्या भरवशावर होतो."

"कॅप्टन, ते मत मोजलं गेलं नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. पट्टी, शिक्का, पत्र.

तो म्हणाला, "शिक्का? उघडलंस तर उघडलंस, वर शिक्का मारलास? तू लग्नाच्या आमंत्रणावरपण मारशील." तो थोडा हसला. मग थांबला. "आत पाहिलंस?"

"पाहिलं."

"कुणाला बोललास?"

"बायकोलासुद्धा नाही."

"माझ्याही बायकोला माहीत नाही. आमच्या घरात अर्धे स्वराज्यवाले, अर्धे नको म्हणणारे. प्रत्येकाला वाटतं मी त्यांचा. म्हणून त्या टेबलावर मला जेवता येतं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, भाई. ते पाकीट एवढंच माझं एकट्याचं होतं."

मी विचारलं, हे लिहून ठेवू का.

"लिही. सगळं लिही. खूण कुठे होती ते सोडून. आणि ते पत्र पाठव, ते माझं आहे."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही तसं मागितलं नाही.

पत्र पाठवलं. खूण कुठे होती ते लिहिलेलं नाही, लिहिणार नाही. फोन ठेवण्याआधी मात्र, यावेळी तीच बाजू की दुसरी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी त्याला तिकडच्या हवेबद्दल विचारलं.