दोन मिरच्या आणि कोथिंबीर

रिटेल हा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण दुसऱ्या कोणी तो घेतला नाही. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या उपनगरांत मॉल उभे राहत होते आणि माणिकपूरजवळच्या आमच्या कॉलेजने बिझनेस शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी हा पेपर सुरू केला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलं नोकरीला लागली पाहिजेत, बाकी तुम्ही बघा." मी फुलपाड्यात राहणारी कॉमर्सची मास्तरीण. मॉलमध्ये तोवर एकदाच गेले होते, तेही काही न घेता परत आले होते.

पुस्तक परदेशी होतं. त्यातले टोमॅटोसुद्धा प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेले. मी बाक सरकवून वर्गात दुकानाच्या रांगा केल्या आणि फळ्याजवळ बिलाचा काउंटर मांडला. मुलांना हसून स्वागत करायला शिकवलं, हात मागे बांधून उभं राहायला शिकवलं. जी मुलं 'पानी' म्हणायची त्यांना 'पाणी' म्हणायला लावलं. याची मला आज लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं विक्रीवरच चालत होती. कोणाचं किराणा दुकान, कोणाची आई मासळी विकणारी, कोणाच्या वाडीतली फुलं रोज बाजारात जाणारी. त्यांना मी गिऱ्हाईक म्हणजे काय ते पुस्तकातून वाचून दाखवत होते.

त्यांत जूचंद्रची एक मुलगी होती. भात निघाल्यावर तिच्या शेतात वाल, मुळा, माठ लावायचे आणि तिची आई ते स्टेशनबाहेर बसून विकायची. मुलगी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी आईशेजारी बसत आली होती. वर्गात फारशी बोलायची नाही, पण मी बाकांचं दुकान मांडलं की गिऱ्हाईक झालेली मुलं आपोआप तिच्याच काउंटरला जायची.

एका मोठ्या दुकानाच्या कंपनीने आमची दहा मुलं एका शनिवारी कामावर बोलावली. दिवसभराचं काम बघून निवड करणार होते. मुलीला भाजीच्या वजनकाट्यावर उभं केलं. सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक म्हातारे गृहस्थ, पाव किलो भेंडी. तिने वजन केलं, पिशवीला किमतीची चिकटपट्टी लावली, आणि मग दोन हिरव्या मिरच्या आणि चार काड्या कोथिंबीर आत टाकून पिशवी त्यांच्या हातात दिली. आमच्याकडे भाजीवाली वजनावर असं काहीतरी घालतेच. त्याला वर देणं म्हणतात, आणि पहिलं गिऱ्हाईक तर नुसत्या वजनावर कोणी परत पाठवत नाही.

सुपरवायझरने ते पाहिलं. तासाभरात मुलीला काउंटरवरून काढून खुर्चीवर बसवून ठेवलं, ते संध्याकाळपर्यंत.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. मुलीने चोरी केल्याचं लेखी कबूल करून माफी मागितली आणि त्यावर विषयाच्या शिक्षिकेची सही असली, तर तिचा बाकीच्यांबरोबर विचार होईल. प्राचार्य म्हणाले, "एक कागदच तर आहे. लिहून टाका, तिची नोकरी वाचेल." मलाही ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी स्वतः माफीपत्र लिहून काढलं आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

तिने ते उभ्यानेच वाचलं. "मॅडम, यात लिवलंय मी माल उचलला. उचलला कुटं? मी तर दिला."

मी तिला समजावलं की माल कंपनीचा होता, तो द्यायचा हक्क तिला नव्हता.

"ते बरोबर हाय," ती म्हणाली. "पुन्ना नाय देनार. पन चोर नाय लिवनार. आयनं इचारलं तर काय सांगू?"

मग तिने मला एवढंच विचारलं, की मी शिकवलं होतं ते खोटं होतं का. गिऱ्हाइकाला त्याच्या अपेक्षेपेक्षा थोडं जास्त द्या, असा एक पूर्ण धडा मी घेतला होता. पेपरात त्यावर प्रश्न काढला होता आणि तिला त्यात पैकीच्या पैकी मार्क दिले होते. त्याच कंपनीच्या दारावर 'एकावर एक फुकट'चा फलक होता. कंपनीने दिलं तर धोरण आणि पोरीने दिलं तर चोरी, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी माफीपत्र फाडलं.

प्राचार्य संतापले. कंपनी आपल्या कॉलेजवर चिडली तर बाकीच्या नऊ जणांचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. मी त्या नऊ जणांना बोलावून सगळं सांगितलं. मग एक जण म्हणाला, "मॅडम, आपण चोर लिहून नाय द्यायचं. आमचं आम्ही बघून घेऊ." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी सारख्याच मनापासून हलवल्या असं मी म्हणणार नाही.

मी कंपनीला माझं पत्र लिहिलं. दुकानाचे नियम नीट शिकवले नाहीत हा दोष माझा, मुलीने स्वतःसाठी काही घेतलेलं नाही, तिच्या हातून हे सवयीने, चुकून घडलं, तिला एक संधी द्यावी. प्राचार्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा निवळला. यावर घेतील तिला, असं ते म्हणाले. मलाही वाटलं की घेतील.

पत्र पाठवण्याआधी मी ते तिला दाखवलं. तिच्याबद्दल लिहिलेलं तिने वाचायला हवं होतं. तिने सावकाश वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'चुकून' काडा, मॅडम."

मी म्हटलं, "अगं, त्या एका शब्दावर तुझी नोकरी आहे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन चुकून नाय झालं. तो म्हातारा मानूस पयलाच आला होता. मी त्याच्याकडं बगून दिलं."

मी तिच्यासमोर बसून पत्र पुन्हा लिहिलं, तो शब्द गाळून. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि मान डोलावली. मी सही केली. पुढच्या आठवड्यात नऊ जणांपैकी सहा जणांना बोलावणं आलं. तिला आलं नाही.