लेझरच्या खोलीबाहेर

सरकारी रुग्णालयात मी परिचारक होतो. वॉर्डात मला सगळे ‘ब्रदर’ म्हणत. भाजलेले, कापलेले, विष घेतलेले रुग्ण सांभाळण्यात नोकरी संपली आणि निवृत्तीनंतर क्रांती चौकामागच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी नवशिका म्हणून रुजू झालो. घरी बसणे मला मानवले नसते, एवढेच कारण.

दुष्काळ चालू होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. करमाड आणि बिडकीनकडच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या होत्या आणि मोबदल्याचा पैसा घरोघरी आला होता. ज्या गावांत जनावरांना पाणी नव्हते, त्याच गावांतून आलेल्या नव्या गाड्या आमच्या दारात उभ्या राहत. कुणाला डाग घालवायचे असत, कुणाला केस हवे असत, कुणाला नको असत. केस गळणारा प्रत्येक जण टँकरच्या पाण्याला शिव्या देई.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “या कामाचा अनुभव?”

“नाही.”

“मग तीन महिने बघू, काका. लेझर चालवता आला तर नर्स म्हणून ठेवीन. नाहीतर अवघड आहे.”

आयुष्यभराचे काम त्या एका प्रश्नात शून्य झाले. मी वाद घातला नाही. यंत्राचे माहितीपुस्तक घरी नेऊन वाचले. परंतु हे काम पाहून शिकायचे असते, आणि लेझरने केस काढून घ्यायला येणाऱ्या बहुतेक बायका मला खोलीत थांबू देत नसत. दार लागले की मी बाहेर. डॉक्टरांनी एकदा हँडपीस, म्हणजे यंत्राची त्वचेवर टेकवायची मूठ, हाती दिला तो माझ्याच डाव्या हातावर सराव करण्यासाठी. लेझर काळा केस धरतो; माझ्या हातावरचे केस पांढरे. तो सरावही खोटाच झाला. उरलेल्या वेळात मी पिंप भरून ठेवी, बर्फाच्या पिशव्या लावी आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांना फोन करी.

काउंटरवरची मुलगी म्हणे, “काका, जरा हसा की. तुमच्याकडं बघून पेशंटला वाटतं, आज पायच कापायचा हाय.”

“हसून जखम भरत नाही.”

“इथं जखम कुठंय, काका?”

मी पिंपातले पाणी बघायला गेलो.

तिसरा महिना संपत आला होता. करमाडजवळच्या एका लग्न ठरलेल्या मुलीच्या हनुवटीवर केस होते. तिच्या लेझरच्या आदल्या दिवशी मी फोन केला. आईने उचलला. मी स्पष्ट सांगितले: केस दोऱ्याने ओढू नका, लेझरसाठी मूळ जागेवर राहिले पाहिजे, वस्तरा फिरवला तर चालेल. ती “व्हय, व्हय” म्हणाली.

सकाळी लेझर चालवणाऱ्या सिस्टरचा निरोप आला, तिच्या गल्लीत पाणी आले होते. त्या वर्षी या कारणाने घेतलेल्या रजेला कुणीच हरकत घेत नसे. डॉक्टर म्हणाल्या, “काका, आज तुम्ही. मी शेजारी उभी राहते.”

मी तांब्याभर पाण्यात हात धुतले. यंत्र लावले. मायलेकी आत आल्या. मुलीने तोंडाचा स्कार्फ सोडला.

हनुवटी गुळगुळीत होती. त्वचेवर लाल ठिपके उठले होते.

“फोनवर सांगितले होते ना?” माझा आवाज वॉर्डातला निघाला.

“सांगितलं व्हतं, भाऊ,” आई म्हणाली. “पण फोनवर बाप्याचा आवाज. मला काय ठावं आत कोण असंल? बाप्यासमोर पोरीला दाढीसकट कशी बसवू? पारलरात नेली अन् साफ करून आणली.”

“मग वस्तरा फिरवायचा होता.”

“लग्नाच्या पोरीच्या तोंडाला वस्तरा? काय बोलता, भाऊ!”

“मी म्हणले व्हते आईला,” मुलगी पुटपुटली.

“तू गप बस.”

डॉक्टरांनी भिंगातून पाहिले. “मुळंच नाहीत. आज यंत्र लावून काही उपयोग नाही. चार आठवडे न ओढता वाढू द्यावे लागतील.”

“लगीन पंधरा दिवसांवर आलंय, मॅडम!”

मुलगी माझ्याकडे वळली. “म्हणजे काका, सासरी जाऊन वाढवायचे?”

“रोज वस्तरा फिरवा. त्याने दाट होत नाहीत.”

“अन् वस्तरा कुणाचा म्हणून सांगू? सासूचा?” ती एकटीच हसली. आईने तिच्या दंडाला धरून तिला उठवले.

मी यंत्र बंद केले. बर्फाची पिशवी तशीच परत ठेवली.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावले. “काका, यात तुमचं काही चुकलं नाही. पण बायका तुमच्यासमोर बसत नाहीत, हे खरं आहे. तुम्ही पुरुषांचं बघा. टक्कल पडणाऱ्यांचं रक्त काढून यंत्रात फिरवायचं. त्यातून वेगळा होणारा द्रव डोक्यात टोचण्याचं काम मी करीन.”

“रक्त काढायला मला शिकावे लागणार नाही.”

“म्हणूनच तर.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मला मात्र ते दोन शब्द लागले. नवे काम शिकायला आलो होतो. जुनेच हाती आले, तेही वॉर्डातल्या निकडीशिवाय. मी होकार दिला. नोकरी टिकली. लेझरची खोली मला कायमची बंद झाली.

उन्हाळ्याच्या शेवटी बिडकीनकडचा एक तरुण माझ्यासमोर बाही वर करून बसला होता. जमिनीच्या व्यवहाराच्या काळजीने डोक्यावरचे केस गेले म्हणत होता. सुई शिरेत होती. तेवढ्यात तीच मुलगी दारासमोरून लेझरच्या खोलीकडे निघाली. गळ्यात मंगळसूत्र, तोंडाला स्कार्फ, मागे सासू. क्षणभर थांबून तिने स्कार्फ हनुवटीखाली ओढला. केस दिसत होते.

“काका, ओढले नाय बरं का.”

मी मान हलवली. सिस्टरने तिला आत घेतले आणि दार लावले. मी सुई काढली आणि त्या तरुणाला कापूस दाबून धरायला सांगितले.